सतार काढून पाहा : आपल्या माणसांचे कमी ऐकलेले जॅझ-फ्यूजन अल्बम

(परतवाडा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. मधूनमधून ध्वनिमुद्रणांचे तुकडे ऐकवले गेले, त्या जागा कंसात दाखवल्या आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय. परतवाड्यात जॅझवर बोलणार, तर ऐकायला येणार कोण? खुर्च्या बऱ्यापैकी भरल्यात, म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलं. आणि जे घरी बसून मोबाइलवर ऐकताहेत त्यांना एक विनंती. जमलं तर कानात इअरफोन घाला. आज जे तुकडे ऐकवू त्यात तबल्याचा डग्गा आणि बेस गिटार यांची गंमत आहे, आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरातून नेमकं तेच ऐकू येत नाही.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. आम्ही वाजवणारे नाही, ऐकणारे आहोत. अचलपूर-परतवाड्यातली चार-सहा माणसं वर्षानुवर्षं एकत्र बसून ऐकतात आणि भांडतात. आज जे बोलू ते त्या भांडणांतूनच निघालेलं आहे. पटलं नाही तर शेवटी सांगा, वेळ ठेवलाय.

फ्यूजन हा शब्द आपण कुठे कुठे लावतो

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीर हुसेन गेले. त्यानंतर कितीतरी जणांनी 'शक्ती' ऐकलं, काहींनी आयुष्यात पहिल्यांदा. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीरभाईंचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम. पहिला अल्बम १९७६ चा. आणि त्याच 'शक्ती'ने शंकर महादेवनला घेऊन केलेल्या 'धिस मोमेंट'ला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. हे सगळं ठाऊक आहे, आणि ते ऐकायलाच पाहिजे. पण आपल्याकडे फ्यूजन म्हटलं की गाडी 'शक्ती'पाशी सुटते आणि 'शक्ती'पाशीच थांबते. आज आम्ही त्या स्टेशनच्या आधीची आणि नंतरची काही गावं दाखवणार आहोत.

दुसरीकडे हाच शब्द आपण कशालाही लावतो. लग्नाच्या वरातीत संदलवाल्याने ऑर्गनवर सिनेमाची धून लावली, फ्यूजन. रीलच्या मागे दहा सेकंद बासरी आणि खाली धडधड ठेका, तेही फ्यूजन. हॉटेलात जेवताना मागे सतार आणि ड्रममशीन, फ्यूजनच. ह्यात संदलवाल्याला आम्ही नावं ठेवत नाही बरं का. तो बिचारा निदान समोरच्या माणसांकडे पाहून वाजवतो. वरात थांबली तर तोही थांबतो.

म्हणून एक साधी कसोटी तुमच्या हातात देतो. आजचं सगळं बोलणं त्या एका कसोटीभोवती आहे. फ्यूजन म्हणून जे काही कानावर येईल, त्यातलं एक वाद्य मनातल्या मनात काढून टाका. सतार असेल तर सतार काढा, तबला असेल तर तबला काढा. मग पाहा, रचना तशीच उभी राहते का? राहत असेल तर ती सतार शोभेची होती. दाराला तोरण लावतात तशी. आणि रचना कोसळली, किंवा बाकीच्यांना काय वाजवावं हे सुचेनासं होईल असं वाटलं, तर तिथे काहीतरी खरं घडलंय.

जॅझबद्दल दोनच वाक्यं, ज्यांनी मुळीच ऐकलं नाही त्यांच्यासाठी. जॅझमध्ये एक धून असते, तिच्याखाली कॉर्डची माळ असते, आणि ती माळ फिरत असताना एकेक वादक आपली उपज करतो. आपल्याकडे आवर्तन फिरत राहतं आणि कलाकार समेवर येतो, ते डोळ्यांसमोर आणा. म्हणजे दोघांकडे चक्र आहे आणि दोघांकडे उपज आहे. फरक असा, की त्यांचं चक्र सुरांच्या गठ्ठ्यांचं आहे, आपलं मात्रांचं. त्यांचा खालचा सूर बदलत राहतो, आपला तानपुरा हलत नाही. ह्या दोन गोष्टींचं काय करायचं, इथेच प्रत्येक फ्यूजनवाला अडतो. कोण कसा सुटतो ते पाहू.

लंडनमधले दहा जण

पहिला अल्बम 'इंडो-जॅझ स्वीट', १९६६. म्हणजे 'शक्ती'च्या दहा वर्षं आधी. विजेवरची गिटार आणि रॉकचा ठेका घेऊन जॅझवाले रस्त्यावर उतरले ते १९७० च्या आसपास. माइल्स डेव्हिसचा 'बिचेस ब्रू' १९७० चा, मॅक्लॉफ्लिनची महाविष्णू ऑर्केस्ट्रा १९७१ ची. हा त्याच्याही आधीचा.

यात दोन माणसं महत्त्वाची. एक जॉन मेयर. जन्म कलकत्त्याचा, व्हायोलिनवादक आणि संगीतकार, लंडनला शिकायला गेले आणि तिथल्या मोठ्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. दुसरे जो हॅरियट, जमैकाहून लंडनला आलेले आल्टो सॅक्सोफोनवादक. मेयर यांनी पाच जॅझवाले आणि पाच आपल्या बाजूचे अशी दुहेरी पंचकडी उभी केली. सतारीवर दिवाण मोतिहार, तबल्यावर केशव साठे, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर.

केशव साठे हे नाव लक्षात ठेवा. मुंबईहून लंडनला गेलेला हा तबलजी आज आपल्याला तीन-चारदा भेटणार आहे.

(इथे 'रागा मेघा'मधला भाग ऐकवला.)

आता टीका करायची तर सरळ करू. मेयर यांनी बरंचसं संगीत कागदावर लिहून दिलेलं आहे. कोण कधी वाजवणार, किती वाजवणार, ते ठरलेलं. त्यामुळे तबला पुष्कळदा चौकटीत बसवल्यासारखा वाटतो. आणि जॅझवाल्यांना राग दिला तो मुख्यतः सुरांची यादी म्हणून. मेघला ते चालून जातं, पाच सुरांचा राग आहे, मोकळं रान आहे. पण त्याच अल्बमवर गौडसारंगही आहे. गौडसारंग म्हणजे वाकड्या चालीचा राग. सरळ वर गेलात आणि सरळ खाली आलात तर तो हातात सापडतच नाही. आपल्या घाटातल्या रस्त्यासारखं आहे ते. चिखलदऱ्याला जायचं तर वळणं घ्यावीच लागतात, नकाशावर सरळ रेघ मारून कोणी पोचत नाही. त्या रचनेत सूर गौडसारंगचे आहेत, चाल मात्र पुष्कळदा निसटते.

मग ऐकायचं कशासाठी? जो हॅरियटसाठी. हा माणूस रागाचा विद्यार्थी नव्हता. पण कॉर्डची माळ काढून टाकल्यावर काय करायचं, हे त्याने स्वतःच्या मुक्त जॅझमध्ये १९६० पासूनच शोधायला घेतलं होतं. त्यामुळे खाली न हलणारा तंबोरा आला तेव्हा तो गोंधळला नाही. त्याच्या सॅक्सोफोनचा आवाज त्या ओळींत अक्षरशः गळ्यासारखा येतो. कसोटी लावा. सतार काढली तर या अल्बमचा बराचसा भाग तरेल. तंबोरा काढला तर मात्र हॅरियट जे करतो ते करूच शकला नसता. म्हणजे सगळ्यात कमी वाजणारं वाद्य इथे सगळ्यात जास्त काम करतंय.

ह्याच मंडळींचा पुढचा अल्बम 'इंडो-जॅझ फ्यूजन्स', १९६७. आम्ही तो आधी ऐकायला सांगू, कारण त्यात हात मोकळे झालेत. त्यातली 'अक्का रागा' ही छोटी रचना बीबीसीच्या 'आस्क द फॅमिली' या कौटुंबिक प्रश्नमंजूषेची शीर्षकधून झाली. इंग्लंडातल्या घराघरांत सतार त्या मार्गाने शिरली.

जर्मनीतली ओढ्याएवढी नदी

दुसरा अल्बम 'जॅझ मीट्स इंडिया'. १९६७, दक्षिण जर्मनीतलं फिलिंगेन गाव. निर्माता योआखिम-एर्न्स्ट बेरेंट, जॅझवरचा नावाजलेला लेखक. पियानोवर आयरीन श्वाइत्सर, ट्रम्पेटवर मान्फ्रेड शूफ, सॅक्सोफोनवर बार्नी विलेन. आणि समोर दिवाण मोतिहार, कुसुम ठाकूर यांचा तंबोरा, आणि पुन्हा आपले केशव साठे.

यातल्या एका रचनेचं नाव आहे 'ब्रिगाख अँड गँजेस'. ब्रिगाख ही त्या गावातून वाहणारी लहानशी नदी. पुढे ती दुसऱ्या एका नदीला मिळते आणि तिथून डॅन्यूब सुरू होते. म्हणजे कोणी परतवाड्यात बसून 'बिच्छन आणि गंगा' नावाची रचना करावी, तसं झालं. आम्हाला हे नावच फार आवडतं. जगाची दोन टोकं जोडायचा आव त्यात नाही. आमच्या गावचं पाणी आणि तुमच्या देशातलं पाणी, बसा जवळ, एवढंच ते नाव म्हणतं.

(या रचनेचा मधला भाग ऐकवला.)

हा अल्बम सोपा नाही. जॅझवाली मंडळी इथे मुक्त जॅझची आहेत, त्यामुळे गोंगाट आहे. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, की दोन वेगळ्या मैफिली एकाच खोलीत चालू आहेत. आमच्यातल्या दोघांचं मत आजही तेच आहे, आणि ते अगदी चूक नाही. सतार बोलते, मग पियानो-ट्रम्पेट बोलतात, परत सतार. पण तबल्याकडे कान लावा. दोन्ही खोल्यांत ये-जा करणारा एकच माणूस आहे. ठेका सुटतो तेव्हा साठे ठेका धरून बसत नाहीत, आणि सोडूनही देत नाहीत. तबला काढा, आणि खरोखरच दोन मैफिली उरतील. साथ म्हणजे मागे बसणं नव्हे, हे ज्याला पाहायचं असेल त्याने हा अल्बम ऐकावा.

केशव साठे पुढे इंग्लंडातल्या लोकसंगीतवाल्यांबरोबरही वाजवत राहिले. १९७२ चा 'मॅजिक कार्पेट' आणि जॉन रेनबर्नचा १९७७ चा 'अ मेड इन बेडलाम' या दोन्हींवर तेच आहेत. ते अल्बम जॅझ नव्हेत, पण पाठोपाठ ऐकले तर एका तबलजीचा प्रवास दिसतो.

मुंबईचा स्टुडिओ

तिसरा अल्बम आपल्या घरचा. 'रागा जॅझ स्टाइल', १९६८, एचएमव्ही, संगीतकार शंकर-जयकिशन. हो, तेच. सिनेमाशी संबंध नसलेला अल्बम. अकरा राग. तोडीने सुरू होतो, भैरवीने संपतो. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, गिटारवर दिलीप नाईक आणि अनिबाल कॅस्ट्रो, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत.

ही नावं वाचली की मुंबईच्या सिनेसंगीताचा अर्धा इतिहास समोर येतो. गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, असं त्यांचं आयुष्य. नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक २०१२ साली आलं, त्यात मुंबईच्या जॅझची ही सगळी कथा आहे. मिळालं तर जरूर वाचा.

(इथे 'राग कलावती' ऐकवला.)

हसलात ना? हसू येतंच. पाय हलतात. एकेक राग अवघ्या काही मिनिटांत आटोपतो. कसोटी कठोरपणे लावली तर हा अल्बम नापास होईल. कारण इथे खरी भेट वादकांची नाही, मांडणीची आहे. सतार रागाची ओळख करून देते, पितळी वाद्यं उत्तर देतात, मधे थोडी उपज, समाप्त. जॅझवाला सतारीचं ऐकून आपला मार्ग बदलतोय, असं फारसं घडत नाही.

तरी आम्ही हा अल्बम शिफारस करतो, आणि भीत भीत नाही करत. का? एक तर राग बिघडत नाहीत. तुमच्या घरच्या मुलाला कलावती आणि मालकंस ओळखायला शिकवायचं असेल, तर ह्याच्याइतकी गोड बाराखडी दुसरी नाही. दुसरं म्हणजे ज्या वादकांनी हजारो सिनेगीतांत नाव न येता वाजवलं, ते इथे समोर बसून वाजवताना ऐकू येतात. मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन तुम्ही लहानपणापासून ऐकताय. तो कोणाचा आहे हे ठाऊक नव्हतं, एवढंच.

सतार नाही, तबला नाही

आता आमच्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. अमान्सिओ डिसिल्वा. गोव्याचं कुटुंब, जन्म मुंबईचा, १९३६. गिटार. हॉटेलांच्या बँडमधून वाजवता वाजवता १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडन गाठलं. तिथे डेनिस प्रेस्टन नावाच्या निर्मात्याने त्यांना ऐकलं. १९६९ मध्ये दोन अल्बम निघाले. 'इंटिग्रेशन', आणि जो हॅरियटबरोबरचा 'हम दोनो'.

'हम दोनो' हे नाव हिंदीतच आहे, इंग्रजी कंपनीच्या रेकॉर्डवर. गिटारवर डिसिल्वा, सॅक्सोफोनवर हॅरियट, ट्रम्पेटवर इयन कार, शब्दांशिवाय गाणारी नॉर्मा विन्स्टन, बेसवर डेव्ह ग्रीन, ड्रमवर ब्रायन स्प्रिंग. संपलं. सतार नाही. तबला नाही. तंबोराही नाही.

(इथे 'बॅलड फॉर गोआ' ऐकवलं.)

आणि मंडळी, आज ऐकवलेल्यांत आपल्या मातीचं सगळ्यात जास्त काही असेल तर ते हे आहे. कसोटी इथे लावताच येत नाही, कारण काढून टाकायला भारतीय वाद्यच नाही! मग भारतीय काय आहे? ओळ. धून ज्या पद्धतीने उलगडते ती. गिटारच्या तारेवर सूर ओढत नेणं, एका सुरावर रेंगाळणं, आणि गिटार-सॅक्सोफोननी एकच ओळ बरोबरीने म्हणणं, जणू दोन भजनी एका सुरात अभंग उचलताहेत. खाली कॉर्ड आहेत, पण त्या गर्दी करत नाहीत. वेळोवेळी एकाच सुराभोवती थांबतात आणि वरच्याला बोलू देतात.

'इंडो-जॅझ स्वीट'मध्ये भारत आणि जॅझ समोरासमोर बसलेत. 'हम दोनो'मध्ये ते एका माणसाच्या दहा बोटांत आहेत. अमान्सिओला दोन संस्कृतींची भेट घडवायची गरजच नव्हती. गोव्याची धून, मुंबईचा सिनेमा, हॉटेलातला जॅझ, हे त्याचं रोजचं जेवण होतं. घरी आपण वरणभात आणि पाव एकाच ताटात खातो, त्याला कोणी फ्यूजन म्हणत नाही.

'जयपूर' ही त्यांची रचना 'इंटिग्रेशन'वरही आहे आणि 'हम दोनो'वरही. दोन्ही पाठोपाठ ऐका. पहिल्यात डॉन रेंडेलचा सॅक्सोफोन, दुसऱ्यात हॅरियटचा. एकच बंदिश दोन घराण्यांकडून ऐकतो तसा अनुभव येईल.

पुढे १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' या नावाखाली 'ड्रीम सीक्वेन्स' निघाला. तो जास्त रॉककडे झुकलेला, लांबलचक, स्वप्नासारखा. आणि त्याच काळात ध्वनिमुद्रित झालेला 'कोंकण डान्स' कंपनीने काढलाच नाही. तो २००६ मध्ये बाहेर आला. अमान्सिओ १९९६ मध्ये वारले होते. त्या अल्बमवर तबल्याला कोण आहे? केशव साठे. एक गोव्याचा, एक मुंबईचा, लंडनच्या स्टुडिओत बसून 'कोंकण' नावाचं काहीतरी वाजवताहेत, आणि ते डब्यात पडून राहतं चौतीस वर्षं.

आज हा विषय आम्ही घेतला तो ह्यासाठीच. ऐकणारा नसला की संगीत असंच डब्यात जातं. एकट्या निर्मात्याचा किंवा कंपनीचा हा प्रश्न नाही. कोणीतरी नाव घेऊन मागितलं तरच वस्तू दुकानात टिकते. आपल्याकडे मराठी-कोकणी माणसाच्या कर्तृत्वाचे पोवाडे पुष्कळ. पण केशव साठे किंवा अमान्सिओ डिसिल्वा हे नाव संगीताच्या परीक्षेला बसणाऱ्या किती मुलांनी ऐकलं असेल? ह्या सभागृहात हात वर करायला सांगत नाही. उगाच कोणाला अवघडवायचं नाही.

खंजिरीचा चुलतभाऊ

पाचवा अल्बम 'ज्योती', १९८३, ईसीएम कंपनी. अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो आणि बंगळूरचं कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन. गायिका आर. ए. रमामणि, मृदंगावर टी. ए. एस. मणी, घटम आणि मोरसिंगवर आर. ए. राजगोपाल, आणि कंजिऱ्यावर टी. एन. शशिकुमार.

कंजिरा ऐकताना आपल्या माणसाचे कान टवकारतात. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या कोणाला खंजिरी सांगायची गरज नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी ऐकली ती पिढी आता थकली, पण खंजिरी भजन अजून गावोगाव आहे. दक्षिणेतला कंजिरा तिचा चुलतभाऊ. अंगाने लहान, एका हातात धरून दुसऱ्याने वाजवायचा, आणि कातडं ओलं करून धरल्या हाताने दाबलं की डग्ग्यासारखा घुमतो.

(कंजिरा आणि सॅक्सोफोन एकत्र असलेला भाग ऐकवला.)

मारियानो हे दक्षिणेचं नागस्वरम शिकलेले होते. नुसतं भेट देऊन गेले नव्हते. त्यामुळे इथे ते पाहुण्यासारखे बसतात, पण घरची रीत ठाऊक असलेल्या पाहुण्यासारखे. कसोटी लावली तर सॅक्सोफोन काढल्यावरही बरंच उभं राहील, कारण रचना रमामणींच्या गळ्यावर उभ्या आहेत. म्हणजे इथे शोभेचं वाद्य सॅक्सोफोन! पण ऐकताना तसं वाटत नाही. मारियानो जिथे गप्प बसतात, तिथे ते सगळ्यात जास्त ऐकत असतात. आमच्या कसोटीला हा अल्बम थोडा हरवतो, आणि ते आम्हाला मान्य आहे. चांगला पाहुणा असणं हीही एक कला आहे.

आई आणि मुलगा

सहावा आणि आमच्या मते सगळ्यांनी ऐकावाच असा. 'उस्फ्रेट', १९८८, त्रिलोक गुर्टू. शोभा गुर्टू यांचा मुलगा. शोभाताईंचा जन्म बेळगावचा, ठुमरी-दादऱ्याची गायिका म्हणून त्यांना सगळा देश ओळखतो. त्रिलोक तबला शिकले, मग ड्रमकडे वळले, युरोपात गेले. खाली बसून वाजवायचा स्वतःचा वेगळाच संच त्यांनी बनवला. त्यात तबला आहे, ड्रम आहेत, झांजा आहेत, आणि पाण्याने भरलेली बादलीसुद्धा आहे. वाजवलेली झांज ते त्या पाण्यात बुडवतात, तसा तिचा सूर वाकतो.

'उस्फ्रेट'वर डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल. शंकर, बेसवर योनास हेलबोर्ग अशी मोठी मंडळी आहेत. आणि गायला आई आहे. पहिल्या रचनेचं नावच 'शोभारॉक'.

(इथे 'शोभारॉक' ऐकवलं.)

आता पाहा. असल्या बँडमध्ये आईला बोलावलं, की दोन धोके असतात. एक, तिला देवघरात बसवायचं. सगळे शांत, ती एक आलाप घेते, टाळ्या, मग बँड सुरू. दुसरा, तिला नाचवायचं, म्हणजे तिच्या गळ्याला ड्रमच्या मापात कापायचं. त्रिलोक दोन्ही करत नाहीत. शोभाताई ज्या चालीने गातात त्याच चालीने गातात, एका शब्दावर रेंगाळतात, सूर सोडता सोडता धरतात. आणि खालचा बेस-ड्रमचा गुंता त्या रेंगाळण्याला जागा करून देत फिरतो. मुलाला आईची लय पोटातून ठाऊक आहे. ती कुठे थांबणार हे त्याला आधी कळतं.

कसोटी लावा. शोभाताईंचा आवाज काढला तर खाली उरतो तो हुशार माणसांचा व्यायाम. आणि खरं सांगायचं तर अल्बममध्ये जिथे तो आवाज नाही, तिथे काही ठिकाणी तसा व्यायाम जाणवतोही. ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांचा चकचकीतपणा आज कानाला थोडा जुना वाटतो, तेही आहे. पण 'शोभारॉक'साठी हे सगळं माफ.

पाच वर्षांनी, १९९३ मध्ये, त्रिलोकचा 'क्रेझी सेंट्स' आला. त्यावर पॅट मेथेनी आणि जो झाविनुल आहेत, आणि शोभाताईसुद्धा. तिथून पुढे तुमचं तुम्हाला सापडत जाईल.

शेवटचा, धावता उल्लेख. मॅक्लॉफ्लिनचा 'फ्लोटिंग पॉइंट', २००८, चेन्नईत ध्वनिमुद्रित. 'शक्ती'च्या सावलीत हा हरवला. ड्रमवर रणजित बारोट, कीबोर्डवर लुईझ बँक्स. इथे बहुतेक वादक भारतीय आहेत आणि जॅझ-रॉक ही त्यांची स्वतःचीच भाषा आहे. परदेशी माणूस येऊन भारत शोधतोय, असं चित्र इथे उरलंच नाही. पहिली रचना 'अब्बाजी', अल्लारखाँना वाहिलेली.

कुठून सुरुवात करायची

क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात 'रागा जॅझ स्टाइल', घरच्यांसोबत. दुसऱ्या आठवड्यात 'हम दोनो', एकट्याने, रात्री. मग 'उस्फ्रेट'. मग 'ज्योती'. कान तयार झाले की 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' आणि मागे जाऊन 'स्वीट'. 'जॅझ मीट्स इंडिया' सगळ्यात शेवटी. तो आधी लावलात तर घरचे आम्हाला शिव्या देतील.

आणि प्रत्येक वेळी एक काम करा. वादकांची नावं शोधून वाचा. मोबाइलवर गाणं लावलं की कलाकाराचं एक नाव आणि एक चौकोनी चित्र दिसतं, तबला कोणाचा ते पुष्कळदा दिसतच नाही. जुन्या एलपीच्या पाठीवर निदान बारीक अक्षरांत छापलेलं असायचं. ते बारीक अक्षर वाचायची सवय गेली, तर पुढच्या केशव साठेंचं नाव कोणालाच कळणार नाही.

निवडक प्रश्नोत्तरं

*प्रश्न : भाऊ, हे समदं ऐकाले भेटते कोठी?*

हे अल्बम पुन्हा निघालेत, शोधले तर बरेचसे सापडतात. नावं इंग्रजीत टाइप करून शोधा आणि वर्ष तपासा, कारण 'हम दोनो' शोधलं तर आधी देव आनंदचा सिनेमाच येणार. आम्ही नावांची यादी आयोजकांकडे देऊन ठेवतो. आणि दर महिन्याला आम्ही बसतो तेव्हा या ना, जागा आहे.

*प्रश्न : मी तबला शिकवतो. मुलांनी हे ऐकलं तर ती कायदे-रेले सोडून असलंच काहीतरी वाजवायला लागतील, अशी भीती वाटते.*

भीती रास्त आहे, सर. पण ह्या यादीतला एकही तबलजी कायदा न शिकता तिथे पोचलेला नाही. 'जॅझ मीट्स इंडिया'मध्ये साठे ठेका सैल सोडू शकतात, कारण तो त्यांच्या हातात घट्ट आहे. मुलांना हे ऐकवा आणि विचारा, सम कुठे आहे सांग. ज्याला सांगता येईल त्याला काही होणार नाही. ज्याला येणार नाही, तो परत रियाजाला बसेल. दोन्हीत फायदा तुमचाच.

*प्रश्न (ऑनलाइन) : सगळे अल्बम जुने आहेत. आजचे कोणी नाहीत का?*

आहेत की. विजय अय्यर, प्रसन्ना आणि नितीन मिट्टा यांचा 'तीर्थ', २०११. पियानो, गिटार, तबला, एवढंच. रुद्रेश महंतप्पा आणि कद्री गोपालनाथ यांचा 'किन्समेन', २००८. दोन सॅक्सोफोन, एक जॅझचा, एक कर्नाटकी. आणि रॉककडे कल असेल तर 'इंडियन ओशन'चा 'कंदिसा', २०००. त्यात नर्मदेवरचं 'मा रेवा' आहे. मेळघाटातली सिपना तापीला मिळते, नर्मदा त्याच्या पलीकडे वाहते. तेवढी शेजारीण तर आपली आहेच.

*प्रश्न : आमचा लग्नाचा बँड आहे. मी कीबोर्ड वाजवतो. ह्यातून आम्हाला काय घेता येईल?*

आजचा सगळ्यात चांगला प्रश्न हा आहे. तुमच्या बँडमध्ये ढोलवाला आहे? आहे. मग सीझन संपल्यावर एक दिवस सिनेमाची धून बाजूला ठेवा. ढोलवाल्याला त्याच्या मनाचा ठेका धरू द्या, आणि तुम्ही कीबोर्डवर एकच सूर दाबून ठेवा. पाच मिनिटं काहीच वाजवू नका, फक्त ऐका. मग जे सुचेल ते वाजवा. वाजवून झालं की मनातल्या मनात ढोल काढून पाहा. तुमचं वाजवणं ढोलावाचून अडलं पाहिजे. ते मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि आमच्याकडे घेऊन या. आम्ही खरं काय ते सांगू, आणि खाली ढोलवाल्याचंही नाव लिहू.